कूपनच्या मागे किती पळायचं? किराण्याचा हिशेब

किराण्याच्या ॲपवर हिरव्या पट्टीत ‘तुम्ही ₹३१२ वाचवले’ असं झळकतं. तो आकडा बहुतेक वेळा छापील एमआरपी आणि तुम्ही भरलेली रक्कम यांतला फरक असतो. एमआरपीला किराणा घेतं कोण? कोपऱ्यावरचा दुकानदारसुद्धा साबणावर, कपड्यांच्या पावडरीवर दोन-पाच रुपये सोडतो. म्हणून कूपनने किती वाचलं हे मोजायचं असेल, तर तीच वस्तू तुम्हाला एरवी सहज ज्या भावाला मिळते त्या भावाशी तुलना करायला हवी. असं मोजलं की ३१२ चे बऱ्याचदा साठ-सत्तर उरतात, आणि कधीकधी उलटे आपल्याच खिशातून गेलेले दिसतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. कूपन साबण, पावडर, चहा, तूप अशा ब्रँडच्या मालावर कामाचं आहे. डाळ, तांदूळ, तेल, साखर, पीठ यांत खरी बचत किलोच्या भावात असते, तिथे कूपन शोधणं म्हणजे वेळ घालवणं. आणि महिन्याला दोन कूपनांच्या पुढे गेलं की हाती लागणारा पैसा झपाट्याने कमी होतो.

आधी सगळ्यात जास्त चालणारा प्रकार बघू: ‘₹७९९ च्या खरेदीवर ₹१०० सूट’. समजा तुमच्या यादीचा माल ₹६१० चा आहे. कूपन लागावं म्हणून १९० चं काहीतरी टाकलं, बिल ८०० झालं, सूट जाऊन ७०० भरले. म्हणजे १९० ची वस्तू ९० ला पडली. ती वस्तू पुढच्या महिन्यात लागणारच असेल, उदाहरणार्थ भांड्याच्या साबणाच्या वड्या, तर छान, पूर्ण शंभर वाचले. पण ती मखाने किंवा चॉकलेटचा डबा असेल, तर वाचलं काहीच नाही, ९० रुपये जास्त गेले. म्हणून भर घालायच्या वस्तूंची एक छोटी यादी आधीच करून ठेवावी: न नासणाऱ्या, नक्की लागणाऱ्या आणि वेगवेगळ्या किमतीच्या. कपड्यांची पावडर, टूथपेस्ट, भांड्यांची वडी, मीठ, कचऱ्याच्या पिशव्या. कार्टमध्ये चाळीस कमी पडले की मीठ आणि वडी, दीडशे कमी पडले की पेस्ट. ॲप खाली ‘हेही घ्या’ म्हणून जे सुचवतं त्याकडे बघायचंच नाही.

बँकांच्या ऑफरमध्ये खाच वेगळी असते. ‘१०% सूट, जास्तीत जास्त ₹१५०, किमान खरेदी ₹१,४९९’. दीड हजाराच्या बिलावर ही सूट खरोखर १०% आहे. तीन हजारांच्या बिलावर ती ५% होते, सहा हजारांच्या बिलावर अडीच. त्यामुळे महिन्याचं सगळं सामान एकाच कार्टमध्ये भरून असं कार्ड वापरण्यात अर्थ नाही. बिल किमान रकमेच्या जेवढं जवळ, तेवढी सूट चोख. मात्र बिल तोडून दोन ऑर्डरी करताना अटी वाचा: एका कार्डावर महिन्यातून एकदाच, ठरावीक वारीच, ईएमआयवर नाही, बँकेच्या ऑफरबरोबर दुसरं कूपन चालेल की नाही. शिवाय किमान खरेदी ही सूट वजा झाल्यानंतरच्या रकमेवर धरतात की आधीच्या, हेही पाहावं लागतं. १,५१० चं कार्ट, त्यावर पन्नासचं कूपन, झाले १,४६०, आणि बँकेची सूट गायब. हा घोळ नेहमीचा आहे.

मग शुल्कं. डिलिव्हरी, हँडलिंग, लहान कार्टचं शुल्क, पावसाचं शुल्क, रात्री उशिराचं शुल्क, आणि त्यावर जीएसटी. पंधरा-वीस रुपयांचं हँडलिंग क्षुल्लक वाटतं, पण दोनशे रुपयांच्या ऑर्डरवर ते ८-१०% आहे. पाच ॲपवर पाच कूपनं वापरणाऱ्याची बचत इथेच गळते, कारण शुल्क दर ऑर्डरीला लागतं. पैसे भरायच्या आधी बिलाचा तपशील उघडून बघावा. टीप, देणगी, पॅकिंग असं काही न विचारता टिक झालेलं असेल तर काढून टाकावं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत नाव घेतलेल्या १३ प्रकारांत ग्राहकाला न विचारता कार्टमध्ये वस्तू सरकवणं आणि शेवटच्या पायरीवर शुल्क उघड करणं हे दोन्ही आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आता एमआरपीचा खेळ. एक किलो तूरडाळीचं पाकीट घ्या, ॲपच्या किंवा मॉलच्या स्वतःच्या ब्रँडचं. एमआरपी ₹२४०, त्यावर ४०% सूट, किंमत ₹१४४. त्यावर १०% चं कूपन लावलं की १२९ रुपये ६० पैसे. भुसार दुकानात तशीच डाळ सुटी १२८ ला असेल, तर एवढी सगळी कसरत करून तुम्ही दुकानाच्या भावाच्या आसपासच पोचलात. (आकडे उदाहरणाचे आहेत, डाळीचा भाव दर महिन्याला हलतो, पण प्रमाण ओळखीचं वाटेल.) साबणाच्या वडीवर कंपनीची एमआरपी सगळीकडे सारखी, म्हणून तिथे सूट तपासता येते. डाळीचं तसं नाही. जो पाकीट भरतो तोच एमआरपी छापतो, आणि ती कितीही वर छापली तरी सूट मोठी दिसते एवढाच तिचा उपयोग. डाळ-तांदळावरचे टक्के वाचूच नयेत, किलोचा भाव वाचावा.

त्यासाठी भाववही लागते. वही, मोबाइलमधली नोंद, काहीही चालेल. घरात सगळ्यात जास्त पैसे ज्यांवर जातात अशा पंधरा वस्तू लिहा, त्यापुढे किलोचा, लिटरचा किंवा नगाचा भाव, दुकान आणि तारीख. पंधराच पुरेत. पन्नास वस्तूंची वही कोणी दुसऱ्या महिन्यात चालवत नाही. भाव काढताना भरलेली किंमत भागिले वजन. पाकिटावर आता युनिट सेल प्राइस छापलेली असते, किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमचा दर आणि किलोच्या वरच्या पाकिटावर किलोचा. पण तो दर एमआरपीवरून काढलेला असतो, सवलतीच्या किमतीवरून नाही. दोन पाकिटांवर वेगवेगळी सूट असेल तर छापील दरांची तुलना चुकते, कॅल्क्युलेटर काढावाच लागतो. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीच्या नोंदी बऱ्याच मालापुरत्या खोडून टाका. त्या दिवसापासून अंघोळीचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १८ वरून ५% जीएसटीवर आली, तूप-लोणी १२ वरून ५ वर. कर पूर्ण उतरला तर ११८ ची वस्तू १०५ ला यायला हवी, म्हणजे ११% उतार. एवढी तफावत दिसली म्हणून कूपन भारी होतं असं समजू नये. कपड्यांची पावडर मात्र १८ वरच राहिली.

वही भरायला लागलं की काही गोष्टी उलट्या निघतात. तेलाचं बघा. १ लिटर सोयाबीन किंवा सूर्यफूल तेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरतं. पण शेल्फवर ८५०, ८००, ७५० ग्रॅमच्याही पिशव्या असतात, आकार जवळपास तोच. ९१० ग्रॅमची पिशवी १४५ ला म्हणजे किलोला सुमारे १५९ रुपये. शेजारची ८०० ग्रॅमची १३८ ला, म्हणजे किलोला १७२ रुपये ५०. सात रुपये स्वस्त दिसणारी पिशवी किलोमागे तेरा रुपयांनी महाग. डब्याचंही तेच: १५ किलोचा डबा म्हणजे साधारण साडेसोळा लिटर, आणि १५ लिटरचा डबा म्हणजे वजनाला साडेतेरा किलोच्या थोडा वर. ‘पंधराचा डबा’ एवढंच विचारून भाव घेतला तर सव्वा किलोहून जास्त तेलाचा फरक पडतो. आणि पाच लिटरचा कॅन पाच पिशव्यांपेक्षा स्वस्त असेलच असं नाही, कॅनचे पैसे त्यात धरलेले असतात.

शाम्पूत मोठं म्हणजे स्वस्त हा समज सपशेल पडतो. २ रुपयांच्या पुडीत ६ मिली असेल तर मिलीला ३३ पैसे. त्याच नावाची ३४० मिलीची बाटली ३४० ला असेल तर मिलीला १ रुपया, आणि ४०% सूट मिळाली तरी ६० पैसे. पुड्यांची माळ स्वस्त पडते, कचरा मात्र वाढतो, तेव्हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पाच-दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यांचंही कधीकधी असंच असतं, कारण त्या किमतीला कंपनी हात लावत नाही. मात्र ती पुडीचं वजन हळूच कमी करते, म्हणून वहीत किंमत लिहून भागत नाही, ग्रॅमही लिहावे लागतात.

कूपन कुठे लागत नाही हेही आधी माहीत असलेलं बरं. ‘निवडक वस्तूंवर’ या अटीत बहुतेक वेळा दूध, तेल, साखर, पीठ वगळलेलं असतं, कारण त्यात विक्रेत्याचा नफाच पातळ. बाळाच्या दुधाच्या पावडरीवर खप वाढवायला आमिष दाखवण्यास तर १९९२ च्या कायद्यानेच बंदी आहे, तिथे कूपन शोधत बसू नये. साबण, शाम्पू, फरशी आणि संडास धुण्याची द्रव्यं, डायपर, कॉफी, सुका मेवा, नवीन आलेल्या ब्रँडचे खाऊ यांवर सूट मोठी मिळते. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं घरात लागतंच, त्यामुळे कूपनचं कार्ट अशा ब्रँडच्या मालाचंच करावं आणि डाळ-तांदूळ त्यात घुसवू नये.

अमेरिकेत कूपनवर जवळजवळ फुकट ट्रॉली भरणारे लोक टीव्हीवर, यूट्यूबवर पाहिलेले असतात, आणि तसं इथे का जमत नाही असा प्रश्न येतो. तिथलं गणितच वेगळं आहे. उत्पादक कंपनीचं कूपन रविवारच्या वर्तमानपत्रातल्या पुरवणीत येतं. दुकान ते घेतं आणि कूपनची रक्कम, वर हाताळणीचे सहसा ८ सेंट, कंपनीकडून वसूल करतं. त्याच वस्तूवर दुकानाचं स्वतःचं कूपनही लावता येतं, आणि काही सुपरमार्केटं ठरावीक सेंटपर्यंतचं कूपन दुप्पट धरत. सेलचा आठवडा, कंपनीचं कूपन आणि दुकानाचं कूपन असं एकावर एक रचलं की टूथपेस्ट फुकट पडू शकते. आपल्याकडे ॲप एका ऑर्डरला सहसा एकच कोड घेतं, फार तर त्यावर बँकेची सूट. तो कोड सबंध कार्टावर असतो, वस्तूवर नाही, म्हणून रचायला काही उरत नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या लोकांनाही त्या पुरवण्यांचा उपयोग सीरियल, डिटर्जंट, पेस्ट एवढ्यापुरताच. तूरडाळ आणि पोह्यांचं कूपन रविवारच्या पेपरात येत नाही, ती देशी दुकानातच जाऊन घ्यायची.

साठा किती करावा? स्वस्त मिळालं म्हणून सहा महिन्यांचं भरलं की वेगळाच खर्च निघतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, रवा, पोहे, बेसन, मैदा एका महिन्यापेक्षा जास्त घेऊ नये. जाळी धरते, पोरकिडे होतात. शेंगदाणे आणि सुकं खोबरं खवट होतं, फ्रीजमध्ये जागा असेल तरच जास्त घ्या. कपड्यांची पावडर नासत नाही, पण उघड्या पिशवीत गुठळ्या होतात, घट्ट झाकणाच्या डब्यात काढावी. पेस्ट, साबण, वड्या तीन महिन्यांच्या घेतल्या तरी हरकत नाही. चहा दोन महिन्यांचा पुरे, त्यापुढे वास उतरतो. आणखी एक खर्च कोणी धरत नाही: घरात भरपूर असलं की हात सैल होतो. भांड्यांचं लिक्विड पाच लिटरच्या कॅनमधून ओतताना जेवढं पडतं, तेवढं छोट्या बाटलीतून पडत नाही.

वर्षाचं धान्य भरण्याची आपली उन्हाळी पद्धत, किंवा गोव्यात पावसाआधी पुरुमेंत करतात ते, म्हणजे एका अर्थाने साठेबाजीची बचतच. पण आजच्या भावात त्यातही पैसे मोजून बघावेत. समजा गहू किलोला ३६ रुपये, दळणाचे ७, म्हणजे ४३, त्यात चाळण-निवडण्यातली घट. पाकिटातलं पीठ सवलतीत ४५-४६ ला मिळत असेल तर किलोमागे दोन-तीन रुपयांचा फरक. महिन्याला दहा किलो धरले तर वर्षाला तीनेकशे. पोळी बरी होते, गहू हवा तो घेता येतो, म्हणून भरावा. निव्वळ पैशासाठी उन्हात चार दिवस गहू वाळवण्यात आता फारसं हाती लागत नाही. तांदूळ आणि तूरडाळीत मात्र फरक अजून चांगला निघतो. पुण्यात मार्केट यार्डातला भुसार बाजार, नवी मुंबईत वाशी, कोल्हापुरात लक्ष्मीपुरी अशा ठिकाणी दोन-तीन घरांनी मिळून पोतं घेतलं आणि वाटून घेतलं तर. एकट्यासाठी दोन किलो डाळ आणायला वाशीला जाऊ नये, हे सांगायला नकोच.

जाण्यायेण्याचा खर्च सोपा आहे. येऊन-जाऊन १४ किलोमीटर, स्कूटर लिटरला ४५, पेट्रोल समजा १०४ रुपये: सुमारे ३२ रुपये. पार्किंग वेगळं. डीमार्टसारख्या दुकानात कूपन नाही, रोजचाच भाव कमी ठेवायचा ही त्यांची पद्धत, त्यामुळे तिथे कोड शोधण्याचा वेळ शून्य. पण बिलिंगच्या रांगेचा वेळ धरा आणि दुसरी गोष्ट, प्लास्टिकचे डबे, चादरी, टी-शर्टांच्या रांगाही त्याच दुकानात असतात. किराण्यात वाचलेले दोनशे तिथे एका डब्यांच्या सेटमध्ये जातात. महिन्याच्या १ ते ७ तारखेला ऑफर जास्त असतात आणि गर्दीही. कोरड्या मालासाठी १० तारखेनंतर गेलात तर भावात फारसा फरक नसतो.

कोपऱ्यावरच्या वाण्याला लोक उगाच विसरतात. महिन्याची पूर्ण यादी लिहून द्या आणि विचारा, ‘सगळं एकदम घेतो, रोख देतो, काय सोडाल?’ एकेका वस्तूवर घासाघीस करण्यापेक्षा हे जास्त चालतं. तो डाळ-तांदळात किलोमागे दोन-तीन रुपये सोडेल, कंपनीची स्कीम चालू असेल तर साबणाच्या पॅकवर एखादी वडी देईल, माल घरी पोचवेल आणि खराब निघालेले दाणे न कुरकुरता बदलून देईल. महिन्याच्या उधारीवर मात्र ही सूट मागू नये, मिळत नाही आणि मागणंही बरं नाही.

आता जिथे कूपनवाले खरे बुडतात ती ठिकाणं. पहिलं क्रेडिट कार्ड. ६,००० चं बिल वेळेवर भरलं नाही, महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर २१०, त्यावर १८% जीएसटी, झाले सुमारे २४८, लेट फी निराळी. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणजे दीडशेच्या दोन सुटी एका चुकलेल्या तारखेत गेल्या. ऑटोपे लावल्याशिवाय कार्डाच्या ऑफरच्या नादी लागू नये. दुसरं, ‘पहिल्या ऑर्डरीवर ₹१५०’ साठी घरातल्या चार सिमवर चार खाती. पत्ता आणि हँडसेट एकच असल्याचं ॲपला कळलं तर खातं बंद होऊ शकतं आणि वॉलेटमधले पैसे अडकू शकतात. तिसरं, वॉलेटमधला कॅशबॅक. त्याला मुदत असते आणि पुढच्या ऑर्डरीत तो थोडाथोडाच वापरता येतो, म्हणून १०० च्या कॅशबॅकला रोख १०० समजू नका, निम्मे धरा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कूपनच्या लिंका उघडूच नयेत. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

परताव्याचंही समजून घ्या. कूपन लावलेल्या ऑर्डरीतली एक वस्तू आली नाही तर तिची पूर्ण किंमत सहसा परत येत नाही, सूट सगळ्या वस्तूंवर वाटून उरलेली रक्कम येते. एकावर एक फुकटमधली एक कमी आली तर निम्मे पैसे येतात. पिशवी उघडताना वस्तू मोजाव्यात, कमी असेल तर लगेच फोटोसह कळवावं. दुसऱ्या दिवशी ॲप सहसा ऐकत नाही.

सगळं एकत्र करून चार जणांच्या घराचा महिना मांडू. किराणा ₹९,००० धरा, दूध-भाजी सोडून. त्यातले साडेचार हजार तेल, डाळ, तांदूळ, पीठ, साखरेचे. भाववही बघून सुटं किंवा रोजच्या कमी भावाच्या दुकानातून घेतलं आणि ९% फरक पडला तर ४०५ रुपये. साबण, पावडर, चहा, तूप, बिस्किटं मिळून साडेतीन हजार: दोन ऑर्डरी, दोन कार्डं, प्रत्येकी १५० सूट, शुल्क १५-१५ वजा, राहिले २७०. उरलेले हजार तसेच. एकूण ६७५, म्हणजे साडेसात टक्के, आणि वेळ महिन्याला दोन तासांच्या आत. इथून पुढे पाच ॲप, स्क्रॅच कार्ड, टेलिग्रामवरचे कोड, रात्री बारा वाजता उघडणारा सेल असं सगळं केलं आणि शुल्क जाऊन आणखी १५० मिळाले असं धरलं, तरी त्याला पाच तास लागले तर तासाला ३० रुपये पडले. ते ज्याला परवडतं त्याने जरूर करावं. ॲपच्या पासचं (एकदा पैसे भरून पुढच्या ऑर्डरींची डिलिव्हरी फुकट) सदस्यत्व घेताना हेच गणित: पासची किंमत भागिले एका ऑर्डरीमागे वाचणारी डिलिव्हरी. उत्तर चार आलं आणि महिन्याला तुम्ही दोनदाच मागवत असाल, तर पास नको. आणि फुकट चाचणीचा पास घेतलाच असेल तर त्याच दिवशी ऑटोरिन्यू बंद करावं. बहुतेक ठिकाणी चाचणी मुदत संपेपर्यंत चालूच राहते.